खरखर घालवणारा मुलगा

इंजिनीअरिंगला असताना मी एफएमचं समीकरण पाठ केलं होतं. त्यामागचा माणूस बऱ्याच नंतर वाचनातून भेटला. एडविन आर्मस्ट्राँग. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सचा. घराच्या पोटमाळ्यावर त्याच्या तारा आणि कॉइल्स, बाहेर स्वतः उभारलेला अँटेनाचा उंच खांब. कोलंबिया विद्यापीठात तो मोटरसायकलने जायचा. 1912 साली, पदवी हाती नसतानाच, त्याने व्हॅक्यूम ट्यूबचं आउटपुट पुन्हा इनपुटकडे वळवलं आणि कुजबुजीएवढे सिग्नल खणखणीत ऐकू आले. पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. त्याने आकृती काढून नोटरीचा शिक्का तेवढा घेतला.

तेव्हाचा रेडिओ लहरीची उंची कमीजास्त करून आवाज वाहून न्यायचा. कडाडणारी वीजही उंचीतच ढवळाढवळ करते, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँगने उंची कायम ठेवून वारंवारिता बदलली. 1933 साली पेटंटं मिळाली.

1945 साली अमेरिकेने एफएमचा पट्टा 88 ते 108 मेगाहर्ट्झकडे हलवला. घरोघरचे जुने सेट निकामी झाले. 1948 साली त्याने बलाढ्य आरसीएवर पेटंटचा खटला भरला. पैसा आणि उमेद दोन्ही संपली. 1954 साली त्याने आयुष्य संपवलं.

पत्नी मॅरियन मात्र हटली नाही. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली. इतर कंपन्यांशी ती 1967पर्यंत लढली आणि जिंकली.

भारतात एफएम आलं 1977 साली, मद्रासला. आपल्या फोनमध्ये हेडफोनची वायरच त्याची अँटेना होते. पट्टा अजून तोच आहे, आणि तत्त्व त्या यॉन्कर्सच्या पोराचं.