एका टोपणनांवाची पुण्याई

लोकवर्गणीनें घाट, धर्मशाळा नि पाठशाळा बांधल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. तेथें दानाचें फळ दात्याच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. परंतु जें औषध अद्याप सांपडलेलेंच नाहीं, त्याच्या शोधासाठीं पैसा मागणें आणि तो सामान्य जनांनीं देणें, ही गोष्ट विरळा. अमेरिकेंतील बोस्टन शहराचा 'जिमी फंड' हें तिचें ठळक उदाहरण होय.

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. तो जडलेलें मूल त्या काळीं बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत दगावे. बोस्टनच्या बालरुग्णालयांतील डॉ. सिडनी फार्बर यांना असें आढळलें कीं, फॉलिक आम्ल दिल्यानें हा रोग उलट बळावतो. तर मग त्या आम्लाचें कार्य अडविणारें द्रव्य दिल्यास रोगहि अडेल, असा त्यांनीं तर्क केला. तसें द्रव्य लेडर्ली प्रयोगशाळेनें पुरविलें. तेथील संशोधनाचे सूत्रधार मूळ आंध्रांतील येल्लाप्रगड सुब्बाराव होते. जून १९४८ मध्यें फार्बरांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले: १६ मुलांपैकीं १० मुलांस उतार पडला होता. मात्र तो तात्पुरता होता.

ह्या कार्यास धन हवें होतें. २२ मे १९४८ रोजीं एका लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रमाच्या चालकानें बोस्टनच्या रुग्णालयांतील बारा वर्षांच्या एका मुलाशीं संभाषण केलें. त्याचें खरें नांव गुप्त ठेवून त्याला 'जिमी' म्हटलें होतें. बोलतां बोलतां त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेपाशीं येऊन उभे राहिले. २०,००० डॉलर जमल्यास जिमीला दूरचित्रवाणी यंत्र मिळेल, असें श्रोत्यांस सांगण्यांत आलें. त्या वर्षीं २ लक्ष डॉलरांहून अधिक निधि गोळा झाला, आणि १९५२ सालीं संशोधनाची स्वतंत्र इमारत उभी राहिली.

वास्तविक जिमीचा रोग ल्युकेमिया नव्हे, तर लसिकापेशींचा कर्करोग होता. तो केव्हांच वारला असावा, अशी अनेकांची समजूत होती. परंतु १९९८ सालीं तो साठी ओलांडलेला गृहस्थ म्हणून लोकांपुढें आला.

फार्बरांच्या त्या पहिल्या रुग्णांना मात्र हें भाग्य लाभलें नाहीं. पुढील संशोधकांनीं अनेक औषधें एकत्र योजिलीं, आणि आज समृद्ध देशांत ल्युकेमिया झालेल्या दहा मुलांपैकीं सुमारें नऊ वांचतात. अल्पजीवी ठरलेल्या त्या मुलांचा उतार आणि अनोळखी श्रोत्यांनीं धाडलेलीं नाणीं, ह्या दोहोंवर ह्या यशाचा पाया रचला गेला आहे.