टिपणे जळाली तेव्हा

समाज समजून घ्यायचा तर लोकांत जाऊन राहायचे, ही रीत मानवशास्त्रात पक्की केली ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी. १९१५ ते १९१८ या काळात ते दोन खेपांत ट्रोब्रियांड बेटांवर राहिले, तिथली बोली शिकले आणि पाहिले-ऐकलेले टिपत गेले. १९२२ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि पुढच्या अभ्यासकांना वाट मिळाली.

भारतात याच वाटेने गेले एम. एन. श्रीनिवास. मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेले श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला गेले आणि १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात मुक्कामाला आले. गावाला त्यांनी ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिले. राहायला मिळाले पाटलाचे बैल बांधायचे घर. ब्राह्मण पाहुण्याने सोवळे पाळावे, ही गावाची अपेक्षा. आंघोळीनंतर दाढी केली म्हणून पाटलाने त्यांना टोकलेही. संशोधक गावाला निरखतो तसा गावही त्याला निरखत असतो, हे पाठ्यपुस्तकांपेक्षा अशा प्रसंगांतून नीट कळते.

लिहिणे मात्र लांबत गेले. एप्रिल १९७० मध्ये श्रीनिवास स्टॅनफर्ड इथल्या ज्या संशोधन केंद्रात काम करत होते, त्याला आग लावली गेली आणि त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मूळ नोंदी भारतात सुरक्षित होत्या; तरीही मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांच्या सुचवण्यावरून श्रीनिवासांनी मुख्यतः आठवणीतून लिहायला घेतले. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आकडेवारीच्या दृष्टीने ते उणे आहे, पण भारतीय खेड्यावरचे इतके वाचनीय समाजशास्त्रीय पुस्तक क्वचितच सापडेल.