रानवाट, शिकार आणि साखळी: पनवेल-बेलापूरच्या डोंगरांतला कुत्रा

नवी मुंबईच्या पूर्वेला पारसिकची रांग मुंब्र्याकडून बेलापूरकडे उतरत येते. तिच्यापुढे खारघरचे डोंगर आहेत, आणि पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. या डोंगरांतल्या पायवाटा शहराहून फार जुन्या आहेत. रविवारी पहाटे एखादा लॅब्राडोर मालकाला ओढत नेतो, ती वाट बहुतेक ठिकाणी मुळात लाकूडफाट्याची, गुरांची किंवा पाड्यावरून बाजाराला जाणाऱ्यांची असते. कुत्राही या वाटांवर नवखा नाही. त्याचे काम मात्र पार बदलले.

ठाकूर आणि कातकरी हे इथले जुने डोंगरवासी. कातकरी खैराचा कात पाडत. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, तांबडा रस आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या, असे ते काम. त्यासाठी रानात मुक्काम पडे, आणि मुक्कामाची राखण कुत्र्याकडे असे. शिकारीत तर त्याच्यावाचून पान हलत नसे. कारवीच्या दाटीत माणसाला चार हातांपलीकडचे दिसत नाही. तिथे ससा उठवणे, रानडुकराला अडवून माणसे पोहोचेपर्यंत भुंकत धरून ठेवणे, कपारीत शिरलेल्या घोरपडीचा वास काढणे हे सगळे कुत्र्याने करायचे. हा कुत्रा कुठल्या नामांकित जातीचा नसे. अंगाने सडपातळ, कान उभे, केस आखूड, असा तो गावठी कुत्रा. उन्हातान्हात टिकणारा आणि मिळेल त्यावर जगणारा. धोकाही त्यालाच पहिला, कारण बिबट्याला कुत्र्याचे मांस फार आवडते. म्हणूनच सह्याद्रीत काही ठिकाणी धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधत.

डोंगराखालच्या वाटांचे महत्त्व वेगळे होते. पनवेल हे बंदर, आणि तिथून बोरघाटाने देशावर जाणारा रस्ता हा व्यापाराचा कणा. या मुलुखावर नजर ठेवायला कर्नाळा किल्ला होता. यादवकाळापासून तो अनेक सत्तांच्या हातून फिरला, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून घेतला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांच्या ताब्यात आणला. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते, आणि स्वतः फडके १८४५ मध्ये गडाजवळच्याच शिरढोणला जन्मले. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचे प्रवासी होडीने पनवेलला उतरत आणि पुढे घाट चढत. त्याच सुमारास खाडीपलीकडच्या मुंबईत कुत्र्यावरून मोठा भडका उडाला. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, व्यवहार ठप्प झाले. शहरातल्या कुत्र्याचे काय करायचे हा वाद म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांचा. तो काही गृहनिर्माण सोसायट्यांनी उकरून काढलेला नाही.

रानात निव्वळ फिरण्यासाठी जायचे, ही कल्पना या भागात माथेरानमुळे रुजली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने तो डोंगर चढला आणि त्याच्या खटपटीतून तिथे वस्ती उभी राहिली. एका ‘पॉइंट’वरून दुसऱ्याकडे झाडीतून पायी हिंडणे हाच तिथला विरंगुळा होता. लाकूड नको, शिकार नको, बाजार नको, तरी चालायचे. खालच्या पाड्यांना हे चमत्कारिकच वाटले असणार.

पुढच्या काळात साहेबाला मोकळे असलेले रान डोंगरवासीयांना मात्र बंद होत गेले. १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. लाकूड तोडणे, गुरे चारणे, राब जाळणे, शिकार करणे यांवर बंधने आली आणि वाटेवर वनरक्षक उभा राहिला. हा राग १९३० च्या जंगल सत्याग्रहात बाहेर आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, सत्याग्रहींवर गोळीबार होऊन आठ जणांनी प्राण गमावले. आज उरण-पनवेलच्या टेकड्यांवर सहलीला जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, की या रानात पाऊल टाकण्याच्या हक्कासाठी माणसे मेली आहेत.

स्वातंत्र्यानंतर मराठी मध्यमवर्गाला गडकोटांचे वेड लागले. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी ते घरोघर पोहोचवले, आणि मुंबईहून एका दिवसात होणारा कर्नाळा नवशिक्यांच्या यादीत वर आला. या भटकंतीत शहरी माणूस आपला कुत्रा क्वचितच नेई, पण पायथ्याच्या गावातले एखादे कुत्रे आपणहून बरोबर निघे, माथ्यापर्यंत येई, डब्यातली पोळी खाई आणि संध्याकाळी मंडळींसोबतच खाली उतरे. ही रीत सह्याद्रीत अजून चालू आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकालाही याच ओढीमुळे इतकी माया मिळाली असावी. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने गाजवलेल्या या स्वामिनिष्ठ कुत्र्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. तरी १९३६ मध्ये त्याचे शिल्प उभे राहिले, ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी ते हटवले आणि काही दिवसांतच ते पुन्हा बसवले गेले.

१९६८ मध्ये कर्नाळ्याच्या जंगलाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. आधी साडेचार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर असलेले क्षेत्र पुढे १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढले. गडाच्या वाटेबरोबर हरियाल आणि मोरटका या दोन निसर्गवाटा तिथे आखल्या गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि अभयारण्यातला प्रवेश परवानगीचा विषय झाला. पाळीव कुत्र्याला तिथे मज्जाव आहे. त्याला कारणेही पक्की आहेत. जमिनीवर घरटे करणारा पक्षी कुत्र्याच्या नुसत्या चाहुलीनेही बिथरतो; शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांत जाऊ शकतात. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर शिरला तेव्हा त्याची दाहकता देशाला कळली. जे रान जितके जपलेले, तितका कुत्रा त्याच्या बाहेर, अशी ही स्थिती. आणि ती योग्यच म्हटली पाहिजे.

तोवर खाली नवे शहर वसू लागले होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून लोकांपुढे आली आणि ते शहर उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली ९५ गावे, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यात आला. शहर बांधायला खडी हवी होती. ती पारसिकच्या रांगेतून निघाली, आणि दगडखाणींनी तिच्या कुशी कापून काढल्या. उरलेल्या उतारांवर नव्या रहिवाशांची सकाळची फेरी सुरू झाली. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिका आली, १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची. खारघर पनवेल महापालिकेत गेले. फ्लॅटमधल्या कुत्र्याला पालिकेचा परवाना आणि रेबीजची लस लागते, मात्र साखळी सोडून पळायला जागा मिळत नाही. बागांच्या फाटकावर त्याला बहुधा अडवतात. राहतो तो डोंगर.

खारघरच्या डोंगरावर हा बदल अगदी समोर दिसतो. माथ्यावर फणसवाडी, चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. सिडकोने वर नेलेल्या रस्त्यावर पहाटेपासून चालणाऱ्यांची रीघ लागते. साखळीतला शहरी कुत्रा आणि पाड्याचा मोकळा कुत्रा समोरासमोर आले की आधी गुरगुर होते आणि अंगावर धावून जाण्याआधी दोन्हीकडची माणसे धावतात. पाड्याच्या कुत्र्याच्या हिशेबाने ही त्याची हद्द असते. जाणते लोक म्हणूनच वस्तीजवळ साखळी आखूड धरतात.

ऋतूही नियम घालतो. जूनमध्ये कातळावरून ओहोळ वाहू लागतात आणि पांडवकडा धबधबा गर्दी खेचतो. तिथे वारंवार माणसे बुडाल्याने पावसाळ्यात पोलिसांचे मनाई आदेश निघतात. ओल्या गवतातून आलेल्या कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडी सापडतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती असते. कातळाच्या आसऱ्याला फुरसे असते, आणि कुत्रा तिथेच नाक खुपसतो. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वांत बरे. माघ-फाल्गुनात गवत वाळले की वणवे लागतात, कातळ तापून पंजे भाजतात, आणि सकाळी आठनंतर उतारावर कुत्रा घेऊन फारसे कोणी दिसत नाही.