एकवीस, अठरा, सोळा : मताच्या वयाची गोष्ट

1989 च्या नोव्हेंबरात आमच्या घरातल्या दोघा भावांनी एकाच दिवशी लोकसभेसाठी पहिलं मत दिलं. भाईजान पंचवीस वर्षांचे होते आणि मी एकोणीसचा. झेडपीच्या शाळेतून बाहेर पडताना भाईजान बोटावरची शाई बघत हसून म्हणाले, “तू तर मला गाठलंस.”

त्या हसण्यात थोडी खंतही होती. 1984 च्या डिसेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक झाली, तेव्हा भाईजान वीस वर्षांचे होते. महिनाभर ते प्रचाराच्या जीपमागे फिरले. रात्री खळ करून भिंतींवर पोस्टरं चिकटवली, घरोघर चिठ्ठ्या वाटल्या. मतदानाच्या दिवशी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून केंद्रापर्यंत नेलं आणि स्वतः दारातून परत फिरले, कारण मताचं वय एकवीस होतं. त्यांचे पाय चालत होते, घसा चालत होता, पण मत चालत नव्हतं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत द्यावं का, या चर्चेत मला नेहमी भाईजानांचं ते परत फिरणं आठवतं. ‘ही मुलं अजून कच्ची आहेत’ हा आक्षेप ऐकला की वाटतं, हे आपण याआधीही ऐकलंय. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांबद्दल हेच बोललं गेलं आहे, आणि त्यात आपणही होतो.

मुळात एकवीस हा आकडा आपला नव्हे. इंग्लंडच्या जुन्या सरंजामी कायद्यात सज्ञान होण्याचं ते वय होतं. तिथून ते मतदानात आलं आणि तिथूनच आपल्याकडे. गंमत अशी की इंग्रजांनीच 1875 च्या कायद्याने हिंदुस्थानात सज्ञानतेचं सर्वसाधारण वय अठरा ठरवलं होतं. म्हणजे अठराव्या वर्षी माणूस जमीन विकू शकत होता, करार करू शकत होता, पण मत द्यायला त्याला आणखी तीन वर्षं थांबावं लागे.

अर्थात तेव्हा खरी अडचण वयाची नव्हतीच. 1935 च्या कायद्याने मताचा हक्क कर, जमीनमहसूल, घरभाडं किंवा शिक्षण यांवर ठरत असे. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याला साठाव्या वर्षीही मत नव्हतं. ब्रिटिश इलाख्यांत लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी लोक मतदार होते. याच मतदारयाद्यांवर 1946 च्या प्रांतिक निवडणुका झाल्या. केंद्रीय कायदेमंडळाचा मतदार तर याहूनही थोडा होता. तिथे मुस्लिमांसाठी राखीव असलेल्या 30 च्या 30 जागा मुस्लिम लीगने जिंकल्या, आणि ‘मुसलमानांनी पाकिस्तानला मत दिलं’ हे वाक्य इतिहासात कायमचं कोरलं गेलं.

हे वाक्य आजही आपल्याला ऐकवलं जातं, म्हणून त्याचा हिशोब नीट करायला हवा. मत कुणी दिलं? जमीनदाराने, वकिलाने, व्यापाऱ्याने, शिकलेल्या मध्यमवर्गाने. विणकर, खाटीक, पिंजारी, शेतमजूर यांतल्या बहुतेकांचं नाव यादीतच नव्हतं. अब्दुल कय्यूम अन्सारींच्या मोमिन कॉन्फरन्सने पाकिस्तानच्या मागणीला उघड विरोध केला होता. पण ज्या विणकरांच्या वतीने ती बोलत होती, त्यांतल्या बहुतेकांकडे मतपत्रिकाच नव्हती. आमचा मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश इलाख्यांतल्या त्या निवडणुकांशी आमच्या दादांचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यांच्या नातवंडांना ‘तुम्ही मत दिलंत’ असं म्हटलं जातं.

त्याच निवडणुकीत अलीगढचे विद्यार्थी लीगच्या प्रचाराला पंजाब आणि संयुक्त प्रांतातल्या गावोगाव गेले होते. ज्यांची एकवीस वर्षं भरली नव्हती, त्यांना स्वतःला मत नव्हतं. घोषणा त्यांच्या होत्या, निर्णय दुसऱ्यांचा होता, आणि त्या निर्णयाची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. मला यात एक साधी गोष्ट दिसते. ज्याला मत नाही, त्याच्या नावाने दुसरेच बोलतात. आणि नंतर त्या बोलण्याचा हिशोब मात्र त्याच्याकडे मागितला जातो.

हा धोका बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखला होता. सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी एकवीस वर्षांवरच्या सर्व स्त्रीपुरुषांना मत द्या, अशी मागणी केली. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, ही त्यामागची भूमिका होती. 1928 च्या नेहरू रिपोर्टनेही प्रौढ मतदानच मागितलं. पुढे घटनेच्या 326 व्या कलमाने जमीन, कर, शिक्षण, धर्म, जात, लिंग या सगळ्या अटी पुसून टाकल्या. फक्त एकवीस हा आकडा राहिला.

1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 17 कोटींहून जास्त मतदार होते आणि देशात वाचता येणारी माणसं शंभरात अठराच होती. अनेकांनी याला वेडेपणा म्हटलं. मतदारयादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं स्वीकारली नाहीत आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. पण पुढच्या निवडणुकांत बायका नावानिशी आल्या. त्यांना आधी शहाणं करून मग मत दिलं गेलं नव्हतं. मताचा हक्क मिळाला, म्हणून नाव सांगण्याची गरज पडली.

ब्रिटनने 1969 साली मताचं वय एकवीसवरून अठरा केलं. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धात अठराव्या वर्षी सक्तीने भरती होत असे आणि मत मात्र एकविसाव्या वर्षी. लढायला चालतो तर मत द्यायला का नाही, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हतं. 1971 मध्ये तिथे घटनादुरुस्ती झाली.

आपल्याकडे राजीव गांधींच्या सरकारने 61 वी घटनादुरुस्ती आणली. 15 डिसेंबर 1988 ला लोकसभेत आणि 20 डिसेंबरला राज्यसभेत ती मंजूर झाली, आणि 28 मार्च 1989 पासून लागू झाली. विधेयकाच्या उद्देशांत एक गोष्ट नोंदवलेली आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. काही राज्य सरकारांनी स्थानिक संस्थांसाठी अठराचं वय आधीच स्वीकारलं होतं. म्हणजे हा प्रयोग दिल्लीत नव्हे, गावात सुरू झाला होता. गावात आभाळ कोसळलं नाही, म्हणून देशाने तो उचलला.

नवे मतदार आपल्यालाच मत देतील, असं तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना वाटलं असेल तर ते चुकीचं ठरलं. चारशेच्या वर जागा असलेली काँग्रेस 197 वर आली. त्या निवडणुकीआधीचे दिवसही विसरता येत नाहीत. ऑक्टोबरात भागलपूर पेटलं होतं, 9 नोव्हेंबरला अयोध्येत शिलान्यास झाला होता. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पोरंच दिसत होती. अम्मी आम्हाला मगरीबनंतर घराबाहेर पडू देत नसे. मतदानाच्या दिवशी मात्र तिने स्वतः उठवून पाठवलं. गर्दीत चेहरा नसलेल्या पोराला मतदानाच्या रांगेत नाव असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता सोळाकडे येऊ. ब्राझीलने 1988 च्या घटनेत सोळा-सतराच्या मुलांना ऐच्छिक मत दिलं. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात 1996 पासून स्थानिक निवडणुकांत सोळा वर्षांचे मत देतात. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये सगळ्याच निवडणुकांसाठी हे वय ठरवलं. स्कॉटलंडने 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा वर्षांच्यांना मत दिलं.

आपल्या काही मित्रांना वाटतं, हे सगळं पश्चिमेचं फॅड आहे. त्यांना मी आपल्याच परंपरेकडे बघायला सांगतो. उहुदच्या लढाईच्या वेळी अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) चौदा वर्षांचे होते; पैगंबरांनी (स.) त्यांना सोबत घेतलं नाही. खंदकच्या वेळी ते पंधराचे होते, तेव्हा घेतलं. पुढे ही हदीस खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी हीच लहान आणि मोठ्यांमधली सीमा मानली आणि पंधरा वर्षांच्या मुलांना वेतनाच्या नोंदवहीत घ्यायला सांगितलं. मुलगा कधी सज्ञान होतो, यावर इमाम अबू हनीफांनी अठरा म्हटलं, तर त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद यांनी पंधरा. उस्तादाशी शागिर्दांनी मतभेद केला आणि दोघांचंही म्हणणं ग्रंथांत राहिलं. वयाचा आकडा दगडावरची रेघ नाही, हे आपल्या फकिहांना ठाऊक होतं.

पण याच परंपरेत दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणं अप्रामाणिकपणा होईल. यतीमांची मालमत्ता त्यांच्या हवाली करण्याबद्दल सूरह निसामध्ये दोन अटी आहेत. नुसतं वय पुरेसं नाही, ‘रुश्द’ म्हणजे समज दिसली पाहिजे. मग सोळा वर्षांच्या मुलात ती असते का? मोबाईलवर येईल ते खरं मानणारी, कुणाच्याही मिरवणुकीत नाचणारी पोरं मीही बघतो आणि काळजी मलाही वाटते. फक्त माझा प्रश्न असा की ही समज चाळिशीतल्या मतदाराची कोण तपासतं? मोबाईलवरचं खोटं पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या वयाचे काका-मामा काही कमी नाहीत. शिवाय यतीमाची इस्टेट एकदा चुकीच्या हातात गेली की गेली. मत म्हणजे लाखांतलं एक मत असतं, आणि पाच वर्षांनी चूक दुरुस्त करता येते.

आणि समजेचा मुद्दा आपला कायदा सोयीने वापरतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता बघून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट मोकळी केली. 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतरचा संताप मी समजू शकतो. पण शिक्षेसाठी सोळाव्या वर्षी समज असू शकते आणि हक्कासाठी नसतेच, हे गणित मला सुटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की सुरुवात पुन्हा गावातूनच व्हावी. 326 वं कलम लोकसभा आणि विधानसभेबद्दल बोलतं. स्थानिक संस्थांची बाब राज्याच्या कायद्यात येते, आणि 1989 च्या आधी काही राज्यांनी ती वाट चालून दाखवली आहे. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेसाठी सोळा वर्षांच्यांना मत द्यावं. शाळेचं छप्पर, रस्त्यावरचे दिवे, खेळाचं मैदान, कॉलेजला जाणारी एसटी याबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. दहा वर्षांनी त्याचा अनुभव बघून पुढचं ठरवावं.

तोवर आपल्या हातात असलेलं तरी करू या. अठरावं लागण्याआधी, सतराव्या वर्षीच मतदार नोंदणीचा अर्ज भरता येतो आणि यादीत नाव येण्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत. आपल्या मोहल्ल्यांत मात्र दाखल्यावर ‘शेख’ एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला असतो. मुलं वीस-बावीसची होतात तरी नाव चढत नाही. मग कायद्याने मताचं वय अठरा असलं तरी आपल्या मुलांसाठी ते एकवीसच राहतं.

माझी भाची सोळा वर्षांची आहे. आमच्या गावच्या उर्दू शाळेत दहावीनंतरचे वर्ग नाहीत. तिच्याबरोबरच्या निम्म्या मुली यंदा घरी बसल्या. मागच्या महिन्यात वॉर्डातले इच्छुक उमेदवार आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले. चहा तिनेच आणून दिला. ते गेल्यावर तिने विचारलं, “मामू, अकरावीच्या वर्गाचं यांच्याशी कोण बोललं?”

कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला मत देऊन छत्तीस वर्षं झाली आहेत.