बर्फावरील उडी आणि एक खटला



उन्हाळ्याच्या तोंडावर, पंख्याखाली बसलेल्या श्रोत्यांपुढे बर्फावरच्या खेळाविषयी बोलायला आम्ही उभे राहिलो आहोत, याचे काहींना हसू येईल. त्यातून आमचे आयुष्य गेले ते गेटसभांत, मागणीपत्रे लिहिण्यात आणि लेबर कोर्टाच्या बाकांवर. बर्फ आम्ही पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. परंतु लिंडसे व्हॅन या अमेरिकन बाईच्या हकिकतीत खेळ निम्मा आहे, आणि उरलेला निम्मा भाग आमच्या कामातला आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. उंच उतरंडीच्या माथ्यावर एका दांडीवर खेळाडू बसतो. पायांत त्याच्या उंचीहूनही लांब अशा दोन पट्ट्या असतात. हात सोडले की तो घसरत निघतो आणि उतरंडीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी ८५ ते ९० किलोमीटर झालेला असतो. त्या टोकावर नेमक्या क्षणी उसळी घ्यावयाची, अंग पट्ट्यांवर झुकवून हवेवर तरंगावयाचे आणि खाली उतारावर एक पाय पुढे टाकून उतरावयाचे. नुसते अंतर मोजून भागत नाही. पाच पंच डौलाचे गुण देतात आणि त्यांतील सर्वांत वरचे व सर्वांत खालचे गुण वगळले जातात. (पंचांच्या लहरीवर हा उपाय आम्हांला फार आवडला. बढती देणाऱ्या समित्यांनी तो जरूर विचारात घ्यावा.) येथे दंडाच्या बळाचे काम थोडे. हलके अंग, काळजाची तयारी आणि क्षणाचे भान एवढे असले म्हणजे झाले.

मग बायका यात नव्हत्या का? होत्या. नॉर्वेतील त्रिसील गावी १८६२ साली इंग्रिड ओल्सदात्तर वेस्ट्बी हिने उडी मारल्याची नोंद आहे. ऑस्ट्रियात १९११ साली पाउला लाम्बेर्ग हिने लांब झग्यासकट २२ मीटर उडी मारली. नॉर्वेच्याच योहान्ने कोल्स्टाडने १९३८ साली अमेरिकेत ७२ मीटर गाठले. पण तिला बोलावीत ते प्रात्यक्षिकापुरते. म्हणजे तिकिटे खपवायला बाई चाले, निकालाच्या यादीत चालत नसे. हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले १९२४ साली, फ्रान्समधील शामोनी येथे. पुरुषांच्या उड्या त्यात पहिल्या दिवसापासून आहेत. बायकांना तेथवर पोचायला ९० वर्षे लागली.

लिंडसे व्हॅनचा जन्म १९८४ सालचा, मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइट शहरातला. ती वाढली मात्र यूटा संस्थानातील पार्क सिटी या डोंगराळ गावी, आणि सातव्या वर्षी उड्या मारू लागली. पुढे २००२ चे ऑलिंपिक भरले तेव्हा उड्यांच्या स्पर्धा तिच्या या गावच्याच टेकड्यांवर झाल्या. तिला त्यात स्थान नव्हते, कारण बायकांची स्पर्धाच नव्हती. पुढल्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या डानिएला इराश्को हिने कुल्म येथे २०० मीटर उडी मारली, तरी २००५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जान-फ्रँको कास्पर यांनी सांगितले, की वैद्यकीय दृष्ट्या हा खेळ बायकांना योग्य दिसत नाही. मंडळी, हा सूर आमच्या ओळखीचा आहे. रात्रपाळी बायकांना झेपत नाही, यंत्रावर त्यांचे हात पोचत नाहीत, हे आम्ही ऐकत आलो आहोत. झाडलोट आणि ओझी वाहण्याचे काम आले की हेच वैद्यकशास्त्र मुके होते.

२००६ च्या नोव्हेंबरात ऑलिंपिक समितीने व्हँकुव्हरच्या २०१० च्या खेळांतून बायकांच्या उड्या वगळल्या. कारण दिले ते असे, की खेळणाऱ्या थोड्या आहेत आणि देशही थोडे. समितीचे अध्यक्ष जाक रोग यांनी पुढे अशा आशयाचे सांगितले, की पदके पातळ होता कामा नयेत. आता यातील मेख पाहा. ऑलिंपिकात नसलेल्या खेळाला सरकार पैसा देत नाही, व्यापारी देत नाही. पैसा नाही म्हणून मुली थोड्या, आणि मुली थोड्या म्हणून ऑलिंपिक नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाकारायची आणि नोकरी नाही म्हणून अनुभव मिळू द्यायचा नाही, त्यातलाच हा प्रकार.

अशातच व्हँकुव्हरच्या खेळांसाठी व्हिस्लर येथे नवी टेकडी उभी राहिली आणि २००८ साली तिच्यावर लिंडसे व्हॅनने १०५.५ मीटर उडी मारली. त्या वेळी स्त्री-पुरुष सर्वांत मिळून त्या टेकडीवरचा तो विक्रम होता. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. उडीचे अंतर वारा आणि घसरण्याची सुरुवात किती उंचीवरून होते यांवर पुष्कळ अवलंबून असते, आणि बायकांना पुष्कळदा वरून सोडतात. तेव्हा ती सर्व पुरुषांहून श्रेष्ठ ठरली असे कोणी म्हणू नये. पण ज्या टेकडीवर तुम्ही स्पर्धा भरवणार, तिचा विक्रम ज्या बाईच्या नावे आहे तिला फाटकाबाहेर उभे करता, एवढे तरी त्यातून उघड झाले. २० फेब्रुवारी २००९ रोजी चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत लिंडसे व्हॅन पहिली आली, जर्मनीची उल्रीके ग्रेस्लर दुसरी आणि नॉर्वेची अनेटे सागेन तिसरी.

बर्फावर एकमेकींना हरवू पाहणाऱ्या या तिघी कोर्टात मात्र एका बाजूस उभ्या राहिल्या. हकिकतीतला हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. निरनिराळ्या देशांच्या उडीपटू बायकांनी कॅनडातील न्यायालयात व्हँकुव्हरच्या आयोजन समितीवर दावा लावला. अमेरिकेत त्यांच्या संघटनेचे पुढारीपण डीडी कोराडिनी यांच्याकडे होते. सॉल्ट लेक सिटीला २००२ चे ऑलिंपिक मिळाले तेव्हा या बाई तिथल्या महापौर होत्या.

१० जुलै २००९ रोजी न्यायमूर्ती लॉरी अ‍ॅन फेन्लन यांनी निकाल दिला. या बायकांवर अन्याय होतो आहे, भेदभाव होतो आहे, हे त्यांनी स्वच्छ मान्य केले. परंतु कोणते खेळ ठेवायचे हे आंतरराष्ट्रीय समिती ठरवते. ती कॅनडाच्या सनदेच्या कक्षेत येत नाही आणि स्थानिक समितीच्या हाती निर्णय नाही. सबब दावा फेटाळला! मॅनेजर म्हणतो हेड ऑफिसचा हुकूम आहे, आणि हेड ऑफिस कोर्टाच्या हद्दीबाहेर. अपील नोव्हेंबरात गेले, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. २०१० च्या फेब्रुवारीत व्हिस्लरच्या त्याच टेकडीवर स्वित्झर्लंडच्या सिमोन अम्मानने १०८ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले.

त्याच साली ओस्लो येथे नव्याने बांधलेल्या होल्मेनकोलेनच्या टेकडीवर पहिली उडी कोणी मारावी याचा कौल लोकांनी अनेटे सागेनला दिला होता. उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री ब्योर्न आयनार रोमोरेन हा पुरुष खेळाडू गुपचूप जाऊन उडी मारून आला. नॉर्वेत त्यावर गहजब झाला. लोक कोणाच्या बाजूचे होते हे यावरून समजते.

कोर्टात हरलेला दावा बाहेर मात्र चालूच राहिला, कारण भेदभाव हा शब्द आता न्यायाधीशांच्या कागदावर आला होता. २०११ च्या एप्रिलमध्ये समितीने बायकांच्या उड्यांना मान्यता दिली. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी रशियातील सोची येथे त्या प्रथम झाल्या. पहिल्या क्रमांकाचा बिल्ला लावून पहिली उडी मारली ती पार्क सिटीच्याच सारा हेन्ड्रिक्सनने. सुवर्णपदक जर्मनीच्या कारीना फोग्टला, रौप्य इराश्कोला. लिंडसे व्हॅन २९ वर्षांची झाली होती. ती पंधरावी आली. तिच्या भरातली वर्षे व्हिस्लर आणि लिबेरेत्सच्या आसपासची होती आणि ती कोर्टाच्या तारखांत गेली. सोचीला पुरुषांसाठी उड्यांच्या तीन स्पर्धा होत्या, बायकांसाठी एक.

पुढे दारे उघडत गेली, पण एकेक. २०२३ साली नॉर्वेतील विकरसुंद येथील अवाढव्य टेकडीवर बायकांची पहिली अधिकृत स्पर्धा झाली आणि स्लोव्हेनियाच्या एमा क्लिनेत्सने २२६ मीटर गाठले. २०२५ साली तिथेच तिच्याच देशाच्या निका प्रेव्ह्त्सने २३६ मीटर उडी मारली. २०२२ च्या जूनमध्ये ऑलिंपिक समितीने मिलान-कोर्तिनाच्या २०२६ च्या खेळांसाठी बायकांची मोठ्या टेकडीवरची स्पर्धा मंजूर केली. त्याच वेळी उडी आणि बर्फावरची शर्यत मिळून होणारा नॉर्डिक कंबाइन्ड हा खेळ मात्र बायकांना नाकारला, आणि कारणांत एक असे होते की देश थोडे आहेत. पुरुषांसाठी हा खेळ १९२४ च्या शामोनीपासून आहे.