आझुचीच्या पायऱ्या

जपानातील किल्ला म्हटला की पांढऱ्या भिंतींचा, छपरावर छप्पर चढवलेला हिमेजीसारखा मनोरा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु मूळ लाकडी बांधणीचे असे मुख्य मनोरे त्या देशात आज केवळ १२ उरले आहेत. इतर पुष्कळसे विसाव्या शतकात काँक्रीटने नव्याने उभारलेले आहेत. ओसाकाचा भव्य मनोरा १९३१ सालचा. ज्याला त्या युद्धमय काळाचा खरा माग काढावयाचा असेल, त्याने छप्पर नसलेल्या एखाद्या टेकडीवर जावे, आणि एकच टेकडी पाहणे शक्य असेल तर ती आझुचीची पाहावी.

बिवा सरोवराच्या पूर्वेस ही १९९ मीटर उंचीची टेकडी आहे. पूर्वी सरोवराचे पाणी तिच्या पायाशी लागे. ते हटवून विसाव्या शतकात तेथे भातशेती झाली. १५७६ साली ओदा नोबुनागाने येथे किल्ला बांधावयास घेतला आणि १५७९ साली तो मनोऱ्यात राहावयास गेला. तळघर धरून मजले सात, त्यांतील एक अष्टकोनी, सर्वांत वरचा सोन्याने मढवलेला. आतील भिंतींवर कानो एइतोकूची चित्रे.

डोंगरी किल्ल्याची वाट वळणाची असावी, म्हणजे शत्रूचा वेग मोडतो, हा साधा नियम. आझुचीची मुख्य वाट मात्र पायथ्यापासून सुमारे १८० मीटर सरळ वर जाते. शत्रूला अडविण्यापेक्षा येणाऱ्याला दिपविणे हाच तिचा हेतू असावा. दुतर्फा हिदेयोशी आदी सरदारांच्या वाड्यांच्या पाट्या आहेत. त्या परंपरेला धरून लावलेल्या आहेत, त्यांना पुरावा विचारू नये. पाहण्याजोगे आहे ते पायाखाली. पायऱ्यांच्या दगडांत मधूनच बुद्धाच्या लहान मूर्ती बसविलेल्या दिसतात. आसपासच्या डोंगरांवरून दगड गोळा करताना हातास आलेल्या मूर्तीही बांधकामात गेल्या. हा नोबुनागाचा उद्दामपणा, की केवळ दगडांची निकड, ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आजचे यात्रिक मात्र त्यांवर पाय देत नाहीत. कोणी तेथे नाणे ठेवून पुढे जातो.

नोबुनागाचा चरित्रकार ओता ग्यूइची एका प्रचंड ‘सर्पशिळे’ची हकीकत सांगतो. दहा हजार माणसांनी तीन दिवस, तीन रात्री खपून ती वर चढविली, असे तो लिहितो. लुईश फ्रोइश ह्या पोर्तुगीज पाद्र्याने तिच्याखाली दीडशेवर माणसे चिरडल्याचे नमूद केले आहे. ती शिळा आजवर सापडलेली नाही. १९८९ पासून वीस वर्षे चाललेल्या उत्खननातही ती हाती लागली नाही.

जून १५८२ मध्ये क्योतो येथे अकेची मित्सुहिदेने बंड केले आणि नोबुनागाचा अंत झाला. थोड्याच दिवसांत आझुचीचा मनोरा जळाला. आग मित्सुहिदेच्या लोकांनी लावली असे पूर्वी मानीत. फ्रोइश तिचा दोष नोबुनागाच्याच मुलाला देतो. हा फ्रोइश गोव्यात शिकून जपानला गेला होता. गोव्याचा ह्या किल्ल्याशी आणखीही एक संबंध आहे. नोबुनागाने आझुचीचे चित्र रंगविलेले पडदे वालिन्यानो ह्या धर्मप्रचारकास भेट दिले होते. फेब्रुवारी १५८२ मध्ये चार जपानी मुलांचे शिष्टमंडळ ते घेऊन नागासाकीहून निघाले. १५८३ च्या अखेरीस ते गोव्यास पोहोचले, तेव्हा चित्रातला किल्ला जळून वर्ष उलटून गेले होते. १५८५ साली रोममध्ये पोपला ते पडदे अर्पण झाले, आणि पुढे नाहीसे झाले. अलीकडे जपानी संशोधकांनी व्हॅटिकनमध्ये त्यांचा शोध घेतला; पण हाती काही लागले नाही. मनोऱ्याचे रूप नेमके कसे होते, ह्याविषयीचे वाद त्यामुळे आजही मिटलेले नाहीत.

सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर झाडांमध्ये एक चौथरा लागतो. त्यावर खांबांचे पायदगड समान अंतराने, ओळीने बसविलेले आहेत. त्यांच्या मधोमध मात्र एका दगडाची जागा मोकळी आहे. तेथे नेमके काय होते, हे सांगणारे कागद आणि चित्रे दोन्ही गेली.