भाटे, रोहिणी

(१४ नोव्हेंबर १९२४ – १० ऑक्टोबर २००८). कथक नर्तकी, नृत्यरचनाकार आणि गुरू. जन्म पाटण्याचा, कारकीर्द मात्र पुण्यातली. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली, त्याच सुमारास जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे कथकचे धडे सुरू केले आणि १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था काढली. पांढरपेशा घरातल्या मुलीने घुंगरू बांधून लोकांपुढे उभे राहणे तेव्हा सहजी खपत नसे. अशा घरांतल्या मुली पुढे निर्धास्तपणे कथक शिकू लागल्या, याचे मोठे श्रेय रोहिणीताईंचे आहे.

गुरू झाल्यावरही त्यांचे शिष्यपण संपले नाही. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे बारा वर्षे आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे त्याहून अधिक काळ त्या शिकल्या. जयपूरची लयकारी आणि लखनौची नजाकत असे दोन्ही त्यांच्या हाती आले. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे त्यांनी गाण्याचीही तालीम घेतली. कथकसाठी ती मोलाची ठरली. या नृत्यात नर्तक हाताने ताल धरून आधी बोल म्हणतो; ही पढंत. मग लेहऱ्याच्या, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या धुनेच्या, आवर्तनावर तेच बोल पायांतून निघतात आणि तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, नेमकी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. ज्याच्या कानात स्वर आणि लय मुरलेली नाही, त्याची पढंत कोरडी वाटते. त्यांनी स्वतः बंदिशी बांधल्या. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ आणि ‘ऋतुसंहार’ यांवरही नृत्यरचना केल्या.

नाचणाऱ्याने वाचावे आणि विचार करावा, हा त्यांचा आग्रह त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसतो. ‘माझी नृत्यसाधना’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले. ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथाला कथकच्या अंगाने भिडणारे ‘कथक दर्पण दीपिका’ हे पुस्तक तर आजही अभ्यासकाने हाताशी ठेवावे असे आहे. पाश्चात्त्य नृत्याला नवे वळण देणाऱ्या इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्र त्यांनी ‘मी, इझाडोरा’ या नावाने मराठीत आणले. परंपरेत मुरलेल्या गुरूने परंपरा मोडणाऱ्या नर्तकीला इतक्या आपुलकीने मराठी वाचकापर्यंत पोहोचवावे, यातून त्यांची वृत्ती कळते.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही त्यांनी शिकवले. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९७९ मध्ये मिळाला. पुढे कालिदास सन्मानही लाभला. शिष्यांमध्ये प्रभा मराठे आणि स्नुषा शमा भाटे प्रमुख. दोघींनीही पुण्यात स्वतंत्र संस्था उभारून पुढची पिढी घडवली.